छेद

सातव्या मजल्यावर, जिथून नदीचा एक तुकडाच दिसतो,
आम्ही ठरवलं, न्यूयॉर्कमधल्या एका मिनिटाला किती सेंट.

म्हणजे आम्ही नाही. ठरवलं आयोगानं.
मी रकाने भरले.

पेट्रोल, टायर, विमा, परवाना,
मागच्या सीटवर कुणी ओकलं तर धुलाई
(यावर दोन बैठका झाल्या; मग ती वगळली).

मग प्रश्न आला रिकाम्या गाडीचा.
एक उतरला, दुसऱ्यानं अजून बोलावलं नाही,
त्या मधल्या वेळाचं काय?
कंपनीचा वकील म्हणाला, तेव्हा तो मोकळा असतो.
मोकळा.
वकिलाच्या तोंडी किती हवेशीर वाटतो हा शब्द.

म्हणून मला मोजायला पाठवलं.
विमानतळामागच्या आवारात, तारेच्या कुंपणाशी,
बोतिर खोल्मतोवच्या गाडीत मी नऊ तास बसले,
मांडीवर वही, मनगटावर घड्याळ.

चार दहा: रिकामा.
चार एकतीस: रिकामा. दोन व्हॅनच्या मध्ये चटया पसरून
काहीजण नमाज पढतायत, एकाचा फोन चटईच्या कडेला,
पडदा वर.
चार बावन्न: भाडं. एक बाई, पेटीत सरडा.
बारा मिनिटं. टीप नाही.
परत येताना: रिकामा.

बोतिरनं थर्मास उघडला.
चहा पेल्यात ओतला, परत थर्मासात, पुन्हा पेल्यात,
तीनदा. त्यांच्याकडे असाच मुरवतात.
तिकडे तो कापसाच्या गोदामात काट्यावर होता.
म्हणाला, भरलेली गोणी कुणीही तोलेल.
आधी रिकाम्या गोणीचा धडा करावा लागतो.
तिचंही वजन असतं, मिस रामोतार,
फक्त ते विकत कुणी घेत नाही.

मी ते वहीत लिहिलं नाही. रकाना नव्हता.

शंभरातली एकसष्ट मिनिटं भरलेली निघाली.
रेघेवर खर्च, रेघेखाली एकसष्ट.
शाळेत शिकलेलं एवढंच कामाला आलं:
छेद लहान, तर उत्तर मोठं.
एकोणचाळीस मिनिटांची थंडी, लघवीची चणचण,
कुंपणाकडे बघत बसणं,
सगळं त्या रेघेखालून सेंट होऊन वर आलं.

मतं पाच विरुद्ध दोन. किमान दर मंजूर.
खाली रस्त्यावर इतके हॉर्न वाजले
की आमच्या काचा थरथरल्या.
बोतिरनं फोनवर एका खरबुजाचं चित्र पाठवलं.
मी अर्थ विचारला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात नवे आकडे आले.
एकसष्टचे एकोणऐंशी.
अहवालात शब्द होता कार्यक्षमता.
छेद फुगला होता, उत्तर आक्रसलं होतं,
आणि भागाकारात चूक कुठेच नव्हती.
मी तीनदा केला.

मग गेले शोधत. तो आवारात नव्हता.
एका लाँड्रीसमोर, इंजिन बंद, काचा खाली,
दर दोन मिनिटांनी अंगठ्यानं पडदा दाबत होता.
पडद्यावर: सध्या मागणी कमी आहे,
थोड्या वेळानं प्रयत्न करा.
कंपनीनं दारच ओढून घेतलं होतं.
आत असतो तर रिकामा ठरलो असतो, तो म्हणाला,
रिकाम्याचे त्यांना पैसे पडतात.
बाहेर मी कुणालाच पडत नाही.

मिस रामोतार, भरलेला नाही, रिकामाही नाही.
तुमच्या वहीत आता मी काय आहे?

लाँड्रीत कुणाचं तरी नाणं
यंत्रातून खळकन परत आलं.

वही उघडली. पानावर दोनच रकाने,
माझ्याच हातानं, पट्टीनं आखलेले.
समासात लिहिलं,
अकरा चाळीस: बोतिर.
अकरा बेचाळीस: बोतिर.

अकरा चव्वेचाळीसला पार्किंगवाली आली.
त्या जागेतल्या मिनिटांचा दर
कधीच ठरलेला होता.